बॉटम क्लीनिंग : ओके

ऑफिसात कुणी फ्लॅट बुक करायला निघालं की मला सोबत घेऊन जातात. मी सॉफ्टवेअरमध्ये असलो तरी माझी डिग्री सिव्हिलची आहे, आणि एवढ्या भांडवलावर मी आमच्या टीमचा वास्तुतज्ज्ञ झालो आहे. सॅम्पल फ्लॅटमध्ये मंडळी टाइल्सवर नाणं वाजवून पोकळ आवाज येतो का बघतात, बाथरूममध्ये पाणी ओतून उतार बघतात, खिडक्या सरकवून बघतात. सेल्सची मुलगी ‘भूकंपरोधक’ असा शब्द टाकते तेव्हा सगळे माझ्याकडे बघतात आणि मी मान डोलावतो. एक प्रश्न मात्र कुणी विचारत नाही आणि मीही कुणाला विचारायला सांगितलेला नाही : ही इमारत ज्या पाइलवर उभी राहणार आहे, त्यांचे तळ काँक्रीट ओतण्याआधी साफ केले होते का, आणि ते साफ असल्याचं कुणी बघितलं?

विचारायला सांगत नाही, कारण उत्तर मला ठाऊक आहे. कागद आहे. कागदावर ‘बॉटम क्लीनिंग’ असा रकाना आहे, त्यापुढे ‘ओके’ लिहिलेलं आहे आणि खाली एका तेवीस-चोवीस वर्षांच्या पोराची सही आहे. अशा काही सह्या माझ्याही आहेत.

ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडं खालपासून सांगतो. जमीन वरच्या थरात भार पेलण्याच्या लायकीची नसेल तर खाली कठीण थरापर्यंत भोक पाडतात, त्यात सळईचा पिंजरा सोडतात आणि काँक्रीट भरतात. हा पाइल. मुंबईत खाडीलगत किंवा भरावाच्या जमिनीवर आधी भराव लागतो, मग काळा चिकट सागरी गाळ, मग मुरूम किंवा कुजलेला खडक आणि मग बेसॉल्ट किंवा ब्रेशिया. पाइल त्या खडकात काही अंतर आत नेऊन रोवतात. त्याला सॉकेट म्हणतात. पाइलवर आलेला भार दोन वाटांनी जमिनीत जातो : बाजूच्या भिंतीशी होणाऱ्या घर्षणातून, आणि तळाखालच्या खडकावर टेकून. दुसरी वाट खुली राहायची तर काँक्रीट खडकावर टेकायला हवं. मध्ये चिखल असेल तर काँक्रीट चिखलावर टेकतं.

वाचायला हे पोरकट वाटेल. पण भोक पाडताना खडकाचा चुरा होतो, कपच्या पडतात, वाळू सुटते. भोकाच्या भिंती ढासळू नयेत म्हणून त्यात बेंटोनाइटचं द्रावण भरून ठेवतात. पाण्याहून किंचित जड, दाटसर, राखाडी. त्या द्रावणात तरंगणारी वाळू तुम्ही काम थांबवलंत की हळूहळू खाली बसायला लागते. मग पिंजरा उतरवताना तो भिंतीला घासतो आणि भिंतीची माती खाली पडते. बावीस मीटरचा पिंजरा एका तुकड्यात येत नाही. एक तुकडा भोकाच्या तोंडाशी लटकवून दुसरा त्याला वेल्ड करतात, त्यात दोन-तीन तास सहज जातात. म्हणजे रिगवाल्याने क्लीनिंग बकेट फिरवून संध्याकाळी तळ लख्ख केला असला, तरी काँक्रीटची गाडी येईपर्यंत तो तळ लख्ख राहत नाही. म्हणून पिंजरा सोडल्यावर, काँक्रीट ओतायच्या अगदी आधी, तळ पुन्हा साफ करायचा असतो. माझं भांडण या दुसऱ्या सफाईबद्दल आहे. पहिली सफाई बहुतेक जण करतात, कारण ती रिगच्या कामातच होऊन जाते.

आता माझ्या सहीची गोष्ट. मुंबईच्या पूर्वेकडची एक साइट, खाडीपासून फार लांब नाही. मी दीड वर्ष तिथे साइट इंजिनिअर होतो. रात्रीचे पावणेदोन. एक मीटर व्यासाचा पाइल, खोली बावीस मीटर. दिवसा जड वाहनांना बंदी, म्हणून काँक्रीट नेहमी रात्रीच. पिंजरा उतरला होता, ट्रेमीचे पाइप जोडून झाले होते. ट्रेमी म्हणजे वर हॉपर असलेली लांब नळी. काँक्रीट तिच्यातून थेट तळाशी सोडतात आणि तळापासून वर भरत आणतात, म्हणजे ते द्रावणात विरघळत नाही. मी वजन बांधलेली टेप सोडली. संध्याकाळी रिगने काम संपवलं तेव्हा टेप बावीस मीटर दाखवत होती. आता ती २१.८५ दाखवत होती.

पंधरा सेंटिमीटर. एक मीटर व्यासाच्या भोकात पंधरा सेंटिमीटर म्हणजे जवळपास १२० लिटर गाळ, दहा लिटरच्या बारा बादल्या.

टेपचा आकडा सगळं सांगत नाही, हात जास्त सांगतो. वजन खडकावर टेकलं की दोरीतून टक् असा झटका बोटांना कळतो. गाळावर टेकलं की ते बसतं, थोडं रुततं, आणि नक्की कुठे थांबलं ते कळत नाही. रिगचा ऑपरेटर बिहारचा होता, माझ्या वडिलांच्या वयाचा. सगळे त्याला उस्ताद म्हणत. त्याने माझ्या हातातून टेप घेतली, दोनदा वरखाली केली आणि म्हणाला, “साहब, नीचे माल है.”

गेटवर दोन ट्रान्झिट मिक्सर उभे होते, तिसरा रस्त्यात होता. पहिला प्लँटवरून निघून दोन तास होत आले होते. रेडिमिक्ससाठी पाणी घातल्यापासून दोन तास हा सर्वसाधारण मर्यादेचा आकडा; रिटार्डर घालून तो वाढवतात, पण ड्रायव्हरला आणि प्लँटवाल्याला घड्याळच कळतं. मी सिनिअरना फोन लावला. ते झोपेतून उठले आणि त्यांनी मला त्या धंद्यातलं सर्वांत जुनं उत्तर दिलं : “पहिला चार्ज मोठा घे, निघून जाईल सगळं.” मी घेतला. साडेतीनपर्यंत पाइल भरला. पोअर कार्डवर मी खोली २२.०० लिहिली आणि बॉटम क्लीनिंगपुढे ओके लिहिलं.

उस्ताद काही बोलला नाही. चहा पाजला त्याने.

हे ‘निघून जाईल’ अर्धं खरं आहे, म्हणूनच ते टिकून आहे. ट्रेमीतून पहिलं काँक्रीट जोरात खाली येतं आणि नळीच्या तोंडासमोरचा गाळ उडवतं. पण नळी भोकाच्या मध्यावर असते. मधला गाळ कडेला ढकलला जातो, कोपऱ्यात दबतो. काही काँक्रीटच्या पुढे वर चढतो आणि वाटेत पिंजऱ्याच्या सळयांमागे अडकतो. सगळा वर येऊन बाहेर पडेल याची हमी कुणी देऊ शकत नाही, आणि पडला की नाही हे नंतर बघायला कुणी खाली जात नाही.

बरं, साफ करायचं तर साधारण काय करतात? त्याच ट्रेमीतून पंपाने ताजं बेंटोनाइट खाली सोडतात आणि वरून गढूळ द्रावण ओसंडू देतात. याला फ्लशिंग म्हणतात. वरून येणारं द्रावण स्वच्छ दिसायला लागलं की थांबतात. माझ्या मते इथे आमच्या शिक्षणाची लाज निघते, कारण यातलं गणित पहिल्या वर्षाचं आहे. समजा पंप तासाला ६० घनमीटर देतो. एक मीटर व्यासाच्या भोकाचं क्षेत्रफळ ०.७८५ चौरस मीटर. भागाकार केला तर द्रावण वर चढतं तासाला ७६ मीटर, म्हणजे सेकंदाला दोन सेंटिमीटर. या वेगाने बारीक माती वर येईल, खडकाची कपची येणार नाही. ती तळाशीच लोळत राहील आणि वर द्रावण मात्र स्वच्छ दिसेल. उलट, हाच प्रवाह दीडशे मिलिमीटरच्या नळीतून वर ओढला तर वेग सेकंदाला जवळपास एक मीटर होतो. एअरलिफ्ट हेच करते : नळीच्या खालच्या टोकाशी कॉम्प्रेसरची हवा सोडायची, नळीतलं हवामिश्रित द्रावण बाहेरच्यापेक्षा हलकं होऊन उसळत वर येतं आणि तळाचा चुरा खेचून आणतं. फार जुनी युक्ती आहे. त्यात नवीन शोध लावायचा काही नाही. लागतो एक कॉम्प्रेसर, एक नळी, वरून तितकंच ताजं द्रावण भरत राहायची सोय आणि पाऊण तास.

त्या पाऊण तासाचे पैसे कुणी देत नाही, आणि माझ्या मते सगळ्या रोगाचं मूळ इथे आहे. आमच्या निविदेत पाइलचा दर रनिंग मीटरवर होता. मातीत इतका, खडकात तितका. काँक्रीटचा दर वेगळा, सळईचा वेगळा, लायनरचा वेगळा, लोड टेस्टचा वेगळा. पाइलचं डोकं फोडून सळया मोकळ्या करायच्या चिपिंगलाही वेगळा दर होता. तळ साफ करणं मात्र ‘इन्क्लुझिव्ह’. बोअरिंगच्या लांबलचक वर्णनात मध्येच कुठेतरी ‘इन्क्लुडिंग क्लीनिंग ऑफ बोअर’ एवढे शब्द. म्हणजे पोटकंत्राटदाराने तळ दहा मिनिटं साफ केला काय किंवा दोन तास, त्याला पैसे तेवढेच. दोन तास केला तर वर रिग अडकते, मिक्सर थांबल्याचं भाडं लागतं, आणि काँक्रीट परत पाठवलं तर त्याचं बिल कुणावर टाकायचं यावरून आठवडाभर भांडण. या व्यवस्थेत तळ साफ करणारा माणूस स्वतःच्या खिशातून दानधर्म करत असतो. दानधर्मावर बावीस मजले उभे करू नयेत.

सिनिअर लोकांशी मी यावर वाद घातला आहे, आणि त्यांचे मुद्दे अगदीच टाकाऊ नाहीत. पहिला मुद्दा : आम्ही तळाचा भार हिशोबात धरतच नाही, सगळं सॉकेटच्या घर्षणावर काढतो. काही डिझायनर खरंच असं करतात आणि त्यांना माझा नमस्कार आहे. पण मग तसं ड्रॉइंगवर लिहा. मी पाहिलेल्या हिशोबांत दोन्ही धरलेले होते, आणि तळ घाण निघाला की मात्र तोंडी उत्तरात तळ अचानक गायब व्हायचा. शिवाय जो गाळ तळाशी बसतो, त्याचाच लेप सॉकेटच्या भिंतीवरही बसलेला असतो. तळाला वाऱ्यावर सोडणारा माणूस भिंत घासून घेतो, असं मला कुठे दिसलं नाही.

दुसरा मुद्दा टेस्टचा. पाइल इंटिग्रिटी टेस्ट होते ना? होते. पाइलच्या डोक्यावर हातोडीने ठोकायचं आणि लहर खाली जाऊन परत कशी येते ते बघायचं. पाइल मध्येच तुटला असेल, कुठे फार बारीक झाला असेल, तर कळतं. लांब पाइलमध्ये, खडकात रोवलेल्या टोकाशी, काँक्रीटखाली दहा सेंटिमीटर चिखल आहे की नाही हे त्या आलेखावरून छातीठोक सांगणारा माणूस मला भेटलेला नाही. माझ्या त्या पाइलचा आलेख सुरेख आला होता. पिंजऱ्यात नळ्या ठेवून ध्वनिलहरी पाठवायची दुसरी चाचणी आहे, तीही दोन नळ्यांच्या मधलं काँक्रीट तपासते; नळ्या संपतात त्याच्या खाली काय आहे हे तिच्या कक्षेत येत नाही. राहिली लोड टेस्ट. ती खरं बोलते, कारण ती भार टाकून पाइल किती खचला ते मोजते. पण आयएस २९११ च्या चौथ्या भागात नेहमीच्या लोड टेस्टचं प्रमाण एकूण पाइलच्या अर्धा टक्का आहे, गरजेनुसार दोन टक्क्यांपर्यंत वाढवायचं. दोनशे पाइलमध्ये एक. आणि तो एक कोणता हे साइटवर सगळ्यांना आधीच ठाऊक असेल, तर त्या एकाचा तळ कसा असतो हे सांगायला नको. लग्नातल्या पहिल्या पंगतीसारखा.

तिसरा मुद्दा खरा घातक आहे, कारण तो अनुभवाचा आहे : “इतकी वर्षं करतोय, काही झालंय का?” बहुतेक वेळा खरंच काही होत नाही. पाइलची क्षमता सूत्राने काढताना अडीचचा सुरक्षा गुणक घेतलेला असतो. एका खांबाखाली तीन-चार पाइल असले तर त्यातल्या एका मऊ तळाच्या पाइलचा भार पाइल कॅपमधून शेजाऱ्यांकडे जातो. इमारत मजल्यामजल्याने चढते तसा तळाचा गाळ दाबला जातो, पाइल थोडा खचतो, आणि त्याचा परिणाम कुठेतरी प्लास्टरच्या भेगेत दिसतो. ती भेग पुट्टी लावून बुजवली जाते. पण तो अडीचचा गुणक जमिनीतल्या अज्ञातासाठी ठेवलेला आहे. दोन बोअरहोलच्या मध्ये खडक कसा आहे हे कुणालाच माहीत नसतं, त्यासाठी. आम्ही तो साइटच्या किरकोळ खर्चाच्या पेटीसारखा वापरतो. स्लंप जास्त झाला, काढ त्यातून. पिंजरा एका बाजूला सरकला, काढ त्यातून. तळ घाण राहिला, काढ त्यातून. पेटीत किती उरलं याची नोंद कुणीच ठेवत नाही. आणि एका खांबाखाली एकच मोठा पाइल असेल तर मदतीला शेजारीही नाही.

काही होत नाही म्हणणाऱ्यांनी हाँगकाँगचं उदाहरण बघावं. तेही शहर आपल्यासारखंच, अपुऱ्या जागेत भराव टाकून उंच वाढलेलं. १९९९ च्या अखेरीस तिथल्या शा टिन भागातल्या यु चुइ कोर्ट या सरकारी गृहप्रकल्पात दोन चौतीस मजली इमारती वाजवीपेक्षा जास्त खचताना आढळल्या. तपासात निघालं की बहुतेक पाइल आराखड्यापेक्षा आखूड होते आणि त्यातले कित्येक खडकापर्यंत पोचलेच नव्हते. दोन्ही इमारती, कुणी राहायला येण्याआधीच, पाडाव्या लागल्या. तिथे गुन्हा नुसत्या गाळापेक्षा मोठा होता, हे मान्य. पण तो लपून राहण्याची रीत तीच होती. पाइल किती खोल गेला आणि तळाशी काय आहे, हे फक्त कागदाला माहीत होतं, आणि कागद भरणाऱ्यांचे पैसे पाइल लवकर संपण्यात अडकलेले होते. मोठ्या पाइलसाठी तिथे एक पद्धत वापरतात : पिंजऱ्यात एक नळी ठेवतात, काँक्रीट घट्ट झाल्यावर तिच्यातून ड्रिल खाली नेऊन काँक्रीट आणि खडक यांच्या सांध्याचा गाभा काढतात. हातात धरून बघता येतं की काँक्रीट कुठे संपलं, खडक कुठे सुरू झाला आणि मध्ये काय आहे. अमेरिकेत तळ किती साफ हवा याचे आकडे ठरलेले आहेत : निम्म्याहून जास्त तळावर अर्ध्या इंचापेक्षा कमी गाळ, आणि कुठेही दीड इंचापेक्षा जास्त नको. फ्लोरिडात तर हे बघायला तळाशी कॅमेरा उतरवतात. माझ्या पंधरा सेंटिमीटरचे सहा इंच होतात.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी, नाहीतर माझा हा सगळा आवेश एका गरीब माणसाच्या अंगावर जाईल. त्याच साइटवर एकदा खडकातलं भोक जवळजवळ कोरडं लागलं होतं, व्यास बाराशे. तळाशी घोटभर पाणी आणि कपच्या. क्लायंटचा कन्सल्टंट त्या दिवशी हजर होता आणि त्याने ठणकावलं, तळ साफ झाल्याशिवाय काँक्रीट नाही. मला मनातून बरं वाटलं. अर्ध्या तासाने मी बघितलं तर मुकादमाने एका बारीक चणीच्या पोराला दोरीच्या फळीवर बसवलं होतं, हातात घमेलं आणि एक छोटं खोरं. चौदा मीटर खाली. वर एक जण दोरी धरून, बाकीचे बिडी ओढत. खाली हवा कशी आहे हे बघायला काही नव्हतं. डोक्यावर हेल्मेट होतं, तेवढं कन्सल्टंटला दिसेल म्हणून असावं. मी ओरडून त्याला वर काढायला लावलं, तर मुकादम माझ्यावरच उखडला : “तुम्हालाच साफ पाहिजे ना साहेब?”

त्याचं बरोबर होतं. पैसे न देता, यंत्र न देता ‘साफ करा’ असा हुकूम दिला की तो हुकूम घरंगळत सर्वांत खालच्या माणसापर्यंत जातो, आणि तिथून अक्षरशः खाली. हाँगकाँगने माणसांनी हाताने खोदायचे असे पाइल १९९५ मध्ये बंद केले, धुळीने फुफ्फुसं गेली आणि अपघात होत राहिले म्हणून. आमच्या साइटवर त्या दिवशी शेवटी काय झालं? दोन गोणी कोरडं सिमेंट भोकात ओतलं, पाणी शोषलं जाईल म्हणून, आणि वरून काँक्रीट सोडलं. कन्सल्टंट तोवर जेवायला गेला होता.

तेव्हा मला हवंय ते असं. निविदेत तळाच्या सफाईचा स्वतंत्र दर हवा, पाइलमागे किंवा तासामागे, एअरलिफ्टच्या कॉम्प्रेसरसकट, आणि त्या वेळात थांबलेल्या मिक्सरचं भाडं मालकाच्या खात्यात. वजनाची टेप दोनदा सोडायची, रिगचं काम संपल्यावर आणि काँक्रीटच्या ऐन आधी, आणि दुसऱ्यांदा ती कंत्राटदाराच्या पगारावर नसलेल्या माणसाने धरायची. काही पाइलमधून सांध्याचा गाभा काढायचा. ते कोणते, हे काँक्रीट भरून झाल्यावर चिठ्ठी टाकून ठरवायचं. भोकात माणूस उतरवायचा नाही, कुठल्याही कारणाने. आणि टेप धरणाऱ्याला काँक्रीट थांबवायचा अधिकार लेखी द्यायचा, म्हणजे पावणेदोन वाजता त्याला कुणाला झोपेतून उठवावं लागणार नाही. यासाठी नवा कायदा लागत नाही. तळ साफ करा, हे आपल्या मानकातही लिहिलेलं आहे. खर्च? एका मीटरच्या बावीस मीटर खोल पाइलमध्ये सतरा घनमीटरहून जास्त काँक्रीट जातं, शिवाय सळई, शिवाय रिग. त्यापुढे पाऊण तास कॉम्प्रेसर चालवणं हा खर्च सॅम्पल फ्लॅटच्या खोट्या छतावर केलेल्या खर्चात खपून जाईल.

मी पुढे त्या साइटवरून बाहेर पडलो. तत्त्वासाठी वगैरे नाही. पगार चार-चार महिने अडकायचा, आणि माझ्या बॅचचे निम्मे सिव्हिलवाले तोवर कोडिंगचे क्लास लावून पुण्यात स्थिरावले होते. मीही लावला. गंमत अशी की आता ज्या कंपनीत आहे ती बांधकामाच्या साइटसाठीच सॉफ्टवेअर करते. पोअर कार्डचं आता अ‍ॅप झालं आहे. कागदाची सही गेली, मोबाइलवरची टिक आली. आमचे सेल्सवाले याला पारदर्शकता म्हणतात. मला डेटाबेस दिसतो, म्हणून सांगतो : खोली, पिंजरा, कव्हर, ट्रेमी, बॉटम क्लीनिंग, सगळ्या टिक कितीदा तरी एकाच मिनिटात पडलेल्या असतात. वेळ रात्रीची, अंगठा एकच. पूर्वी निदान खोटं लिहायला २२.०० हे आकडे हाताने काढावे लागायचे. आम्ही तेही सोपं करून दिलं.

म्हणून मी एक बदल सुचवला. बॉटम क्लीनिंगची टिक काढून टाकायची. त्याऐवजी दोन आकडे मागायचे : बोअरिंगनंतरची खोली आणि काँक्रीटआधीची खोली, दोन्हीला टेपचा फोटो, दोन्हींची वेळ अ‍ॅप स्वतः नोंदवणार, फरक पाच सेंटिमीटरपेक्षा जास्त असेल तर कार्ड पुढे सरकणार नाही. अमेरिकेतल्या दीड इंचापेक्षा सैलच ठेवला होता मी. कोड लिहायला मला दोन दिवस लागले. फोटो खोटा काढता येईल, हे मला माहीत आहे. दुसऱ्याच भोकात टेप सोडता येईल. पण खोटं बोलायला थोडे तरी कष्ट पडावेत, एवढीच माफक अपेक्षा होती.

बैठकीत प्रॉडक्ट मॅनेजर म्हणाली, आयडिया छान आहे, पण प्रतिस्पर्ध्याच्या अ‍ॅपमध्ये पोअर कार्ड चार टॅपमध्ये संपतं, आपलं नऊवर जाईल. आणि कार्ड अडकलं तर फोन आपल्या सपोर्टला येणार, रात्री दोन वाजता. मग काय सांगायचं त्यांना? मी म्हटलं, सांगायचं की तळ साफ करा. लोक हसले. वाईट हेतूने नाही. त्यांना खरंच तो विनोद वाटला. ज्याचे पैसे घेतो तो ग्राहक म्हणजे कंत्राटदार, आणि त्याला नको असलेली गोष्ट आम्ही सक्तीची करू शकत नाही, असं ठरलं. यातही तिचं बरोबर होतं, मुकादमाचं होतं तसंच. अ‍ॅपने हे सुटणार नाही. मालकाने आपल्या निविदेत ते मागितलं आणि त्याचे पैसे दिले, तर चार टॅपचं अ‍ॅप काय किंवा कागद काय, दोन्ही चालतील.

तडजोड म्हणून माझे दोन रकाने पुढच्या आवृत्तीत घेतले आहेत. ऐच्छिक. बॉटम क्लीनिंगची टिक जागेवर आहे, आणि ती आधीपासून पडलेली असावी का, म्हणजे डिफॉल्ट ‘हो’ ठेवावं का, यावर पुढच्या सोमवारी चर्चा आहे.